भाकरी कुणाची, भाव कुणाचा?

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाची एक लाडकी तक्रार आहे: "इथे सगळं मिळतं हो, पण आपलं जेवण मिळत नाही." गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला, कुणाच्या गृहप्रवेशाला ती हमखास ऐकू येते. ऐकणारे माना हलवतात. मग कुणीतरी शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळणाऱ्या मिसळीचा पत्ता सांगतो, कुणी साबुदाण्याच्या खिचडीचा. तासभर गर्दीतून गाडी हाकून मंडळी तिथे जातात, फोटो काढतात आणि "पुण्याची सर नाही" असा निकाल देऊन परततात.

अठरा वर्षं मी हे ऐकतो आहे, आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही तक्रार खोटी आहे. नुसती खोटी असती तर सोडून दिली असती. ती करताना जे लोक आपल्याला खरोखर जेवू घालतात, त्यांना आपण गैरहजर ठरवतो. माझा राग त्यावर आहे.

विजयनगर, राजाजीनगरपासून मारतहळ्ळीपर्यंत कुठल्याही वस्तीत दहा-पंधरा मिनिटं पायी फिरा. एखाद्या गाळ्यावर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, पाटी दिसेल: ‘उत्तर कर्नाटक खानावळी’. अक्षरं कन्नड आहेत म्हणून आपला डोळा त्यावरून घसरतो. आत सहा-आठ टेबलं, स्टीलची ताटं, भिंतीवर बसवण्णांची तसबीर. ताटात ज्वारीची भाकरी येते. तिला रोट्टी म्हणतात. शेजारी एण्णेगायी, म्हणजे आपलं भरलं वांगं. मोड आलेल्या मटकीची उसळ. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची. कच्चा कांदा, मेथीची पानं, दही. झुणका हवा असेल तर ‘झुणका’ असंच मागायचं, तो शब्दही बदलावा लागत नाही. अंबाडीची भाजी ‘पुंडी पल्ल्या’ या नावाने येते, पण आंबटपणा तोच. सणाच्या दिवशी होळगी, म्हणजे पुरणाची पोळी. हे सगळं शंभर-सव्वाशे रुपयांत.

मी सोलापूरचा. माझ्या आजीच्या ताटात याहून वेगळं काही नव्हतं. मग बेंगळुरूत ‘आपलं जेवण’ मिळत नाही ते नेमकं कुणाचं?

उत्तर अवघड नाही. या शहरात ‘महाराष्ट्रीय’ म्हणून जे विकलं जातं ती मुंबई-पुण्याच्या टपरीची आणि उपवासाच्या फराळाची यादी आहे: वडापाव, मिसळ, थालीपीठ, खिचडी, वर्षातून एकदा मोदक. यातला पाव पोर्तुगीजांनी आणला; बटाटा आणि मिरची समुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून आली. तरी वडापाव आपला, कारण तो मराठीत मागता येतो. आणि शेकडो वर्षं याच काळ्या मातीत पिकलेल्या ज्वारीची भाकरी परकी, कारण ती ‘रोट्टी’ म्हणून वाढली जाते. आपण जेवणाची ओळख जिभेने करतो असं म्हणतो. जीभ म्हणजे चव आणि जीभ म्हणजे भाषा. या दोहोंत आपण दर वेळी भाषेचं ऐकतो आणि उपाशी राहतो.

आणखी एक गोष्ट त्यात लपलेली आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगलीचा माणूस बेंगळुरूत आला की त्याचं जेवण ‘महाराष्ट्रीय’च्या यादीतून आधीच गळलेलं असतं. मराठी मंडळींच्या बैठकीत तोही गुमान मिसळीचा पत्ता लिहून घेतो. भाकरी हे त्याला गावाकडचं, मागे टाकून आलेलं अन्न वाटावं अशी व्यवस्था आपणच केली आहे. ‘आपलं’ या शब्दात सगळे मराठी कधीच नव्हते. कन्नड पाटीखालची भाकरी न दिसण्याआधी आपल्याला घरातलीच भाकरी दिसेनाशी झाली होती.

अमेरिकेतल्या शहरांत, विशेषतः लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी, गल्लीबोळांतून स्वस्त खाणावळी असतात आणि त्यांच्या पाटीवर दोन नावं असतात: मेक्सिकन आणि साल्वाडोरी. एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. तिथे १९८० ते १९९२ यादवी युद्ध चाललं आणि लाखो माणसं उत्तरेकडे निघून गेली. त्यांच्यातल्या बायकांना पुपुसा करता येत होता: मका चुन्याच्या पाण्यात उकळून, दळून, त्या पिठाच्या गोळ्यात चीज, घेवडा किंवा डुकराचं मांस भरायचं, तळहातांवर थापायचं आणि तव्यावर भाजायचं. पण गिऱ्हाइकाला पुपुसा माहीत नव्हता. त्याला टाको माहीत होता. तेव्हा पाटीवर शेजाऱ्याचं नाव आधी आलं, आपलं मागून.

बेंगळुरूतली उत्तर कर्नाटकाची खानावळीही हेच करते. तिच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘नॉर्थ इंडियन, चायनीज’ लिहिलेलं असतं. वांग्याच्या कढईशेजारी गोबी मंचुरियनची कढई असते. आमचे खवय्ये तेवढं बघून नाक मुरडतात: "अस्सल नाही." अस्सलपणाची ही मागणी कोण करतो? ज्याला भाडं भरायचं नाही तो. दुसऱ्याच्या नावाचा आडोसा घेऊन आपलं अन्न टिकवणं हा परगावी आलेल्या माणसाचा व्यवहार आहे. त्यात लाज वाटावी असं काही नाही. लाज वाटलीच तर ती आडोसा घ्यायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटावी.

पुपुशावरून दोन देश भांडतात. शेजारचा होंडुरासही तो आपलाच म्हणतो. याच दोन देशांत १९६९ साली चार दिवसांचं युद्ध झालं होतं. फुटबॉलचे सामने हे निमित्त, खरं कारण जमीन आणि होंडुरासमध्ये राहायला गेलेले साल्वाडोरी शेतमजूर. २००५ साली एल साल्वाडोरच्या विधिमंडळाने पुपुसा हा राष्ट्रीय पदार्थ जाहीर केला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्याचा राष्ट्रीय दिवस ठरवला. पदार्थाला दिवस मिळाला. थापणाऱ्या बाईला रजा मिळाली नसावी. त्या दिवशी तर गर्दी जास्त.

आपल्याकडचं भांडण वाचकांना सांगायला नको. १९५६ ला राज्यं भाषेवर बांधली गेली. तोवर बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यात होते. गुलबर्गा, बीदर हैदराबादेत. मग महाजन आयोग आला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर माझं मत इथे मागितलेलं नाही आणि मी देतही नाही. मला एवढंच दिसतं की मालदांडी ज्वारी मोहोळच्या बाजूला निवडली गेली आणि विजापूरच्या रानातही तीच डोलते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. शेतकऱ्याला नावाचा भाव मिळायला हवा. पण मंगळवेढ्यापासून विजापूर काही दूर नाही, आणि माती मैलाच्या दगडाशी रंग बदलत नाही.

इथे सज्जन वाचक पुढे सरसावून म्हणेल, "म्हणजे अन्नाला सीमा नसतात, असंच ना?" नाही. असं मुळीच नाही. हे गोड वाक्य मला त्या तक्रारीपेक्षाही जास्त खटकतं. अन्नाला सीमा असतात, आणि त्या ताटाच्या कडेपासून सुरू होतात. हुबळी-धारवाडकडे फिरा: ‘लिंगायत खानावळी’ ही पाटी म्हणजे केवळ चवीची माहिती नव्हे. ‘सावजी’ म्हटलं की हुबळीत सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रियांचं मटण आणि नागपुरात हलबा कोष्ट्यांचं. नाव एक, समाज दोन. आपल्याकडच्या ‘मराठा खानावळी’ आणि ‘ब्राह्मणी भोजनालयं’ याच घराण्यातली. कुणाच्या हातचं कोण खातं यावर आपलं सगळं हॉटेलशास्त्र उभं आहे. ‘अन्नाला सीमा नसतात’ हे ज्याला कुठल्याच दाराशी अडवलं गेलं नाही त्याचं वाक्य आहे.

सीमा ओलांडली गेली ती प्रेमाने नव्हे, पोटाने. बेंगळुरूचीच गोष्ट घ्या. १६३८ मध्ये शहाजीराजांना या शहराची जहागीर मिळाली, हे आमचे लोक प्रत्येक भाषणात सांगतात. पण त्यानंतर या मुलखात राहिलेल्या मराठ्यांनी पुढे काय केलं, ते सांगत नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी मिलिटरी हॉटेलं काढली. जयनगरातल्या एका प्रसिद्ध हॉटेलाचं नावच शिवाजी मिलिटरी हॉटेल आहे. तिथे मटणाबरोबर नाचणीचा गोळा, रागी मुद्दे, आणि पानांच्या द्रोणात वाढलेली दोन्ने बिर्याणी. आजचा आयटीवाला मराठी माणूस तिथे रांगेत उभा राहतो आणि ‘लोकल फूड’ खाल्लं म्हणून घरी कळवतो. त्याच्या ‘आपलं’मध्ये शहाजीराजे बसतात, शहाजीराजांच्या मागे राहिलेल्यांचं चुलाण बसत नाही.

आणि मुंबईचा हिशेब विसरून चालणार नाही. दक्षिण कानड्यातून आलेल्या माणसांनी गेल्या शतकात मुंबईला खाऊ घातलं. माटुंग्याला १९४२ पासून चालणारी रामा नायकांची खाणावळ आजही केळीच्या पानावर वाढते. आणि १९६६ नंतरच्या काही वर्षांत याच उडुपी हॉटेलांवर लुंगीच्या नावाने दगड पडले, तेही मराठीच्या नावाने. बेंगळुरूत २०२३ च्या डिसेंबरात कन्नड पाट्यांसाठी इंग्रजी पाट्या फोडल्या गेल्या, तेव्हा आमच्या मंडळींना भाषिक सहिष्णुतेची फार आठवण झाली. सहिष्णुता चांगलीच, पण ज्यांच्या इडलीवर आपली एक पिढी कचेरीत गेली त्यांच्या काचा फुटल्याचा उल्लेख आपल्या आठवणींत किती येतो, तेही तपासावं.

आता भावाकडे वळतो, कारण खरी मारामारी तिथे आहे.

खानावळीचं कौतुक करणारा एक वर्ग आहे. तो भाषेचा अडसर ओलांडून आत येतो, जेवतो, खूश होतो. आणि बाहेर पडताना म्हणतो: "स्वस्त आणि मस्त!" या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे. ‘मस्त’वर नाही, ‘स्वस्त’वर. कारण तो शब्द कौतुकासारखा बोलला जात असला तरी पुढच्या महिन्यात दहा रुपये वाढले की त्याची तक्रार होते. "आता यांनाही हवा लागली."

भाकरी स्वस्त का असते? ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं, मळून मळून बांधावं लागतं, लाटण्याला ते सहसा जुमानत नाही. प्रत्येक भाकरी तळहाताने थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, विस्तवावर फुगवायची. यंत्रं आली आहेत, पण बऱ्याच खानावळींत हे अजून हातच करतात आणि ते बाईचे असतात. माझ्या नेहमीच्या खानावळीचा मालक इंडी तालुक्यातला. कन्नड-मराठी मिसळून बोलतो. एकदा त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, गिऱ्हाईक गिणतं वाटीतल्या भाज्या. भाकरी कोण गिणत नाही. आमची अक्का गिणते." अक्का, म्हणजे मागे चुलीशी बसणारी बाई, रोट्टीच्या हिशेबाने पैसे घेते. ताटात ‘हव्या तेवढ्या’ लिहिलेलं असतं ते तिच्या मनगटावर लिहिलेलं असतं.

याच बेंगळुरूत २०१० मध्ये टाको बेलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, मल्लेश्वरमच्या मॉलमध्ये. नंतर बुरिटोची दुकानं आली, ती चांगली चालतात, मीही तिथे जेवलो आहे, माझी तक्रार नाही. पण गंमत बघा. ज्या शहरातून टाकोची कीर्ती आपल्याकडे आली, त्या लॉस एंजेलिसात टाको हे मजुराचं दुपारचं जेवण आहे, गल्लीतलं, स्वस्त. विमानाने आला आणि मॉलमध्ये गेला. घेवडा, भात, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि एक पोळी, यासाठी आमचा माणूस खानावळीच्या तिप्पट पैसे बिनतक्रार मोजतो. भाकरीनेही हा प्रवास करून पाहिला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, आणि ज्वारी पंचतारांकित हॉटेलांत ‘प्राचीन धान्य’ म्हणून चिनीमातीच्या बशीत बसली. धान्य तेच, कष्ट तेच. मग भाव कशाचा? खाणाऱ्याच्या पायरीचा. पदार्थ कोण खातो यावर त्याची किंमत ठरते. तो कोण करतं याला किंमतच नसते.

स्वस्ताईचं राजकारणही आपल्याला परिचयाचं आहे. आणीबाणीत हॉटेलांच्या दरांवर बंधनं आली, तेव्हा या शहरातल्या एमटीआरने दर्जा उतरवण्यापेक्षा हॉटेलच बंद ठेवलं आणि तयार पिठांच्या धंद्यात पाऊल टाकलं. महाराष्ट्रात १९९५ च्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला घेतली. केंद्रं उभी राहिली, काही वर्षांत बंद पडली. बेंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कँटीनमध्ये पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण मिळू लागलं. महाराष्ट्रात २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. या योजनांशी माझं वैर नाही. भुकेल्याला स्वस्त अन्न मिळालंच पाहिजे, आणि त्याचा फरक सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही, भरला पाहिजे. पण खानावळीतला फरक सरकार भरत नाही. तिथे लठ्ठ पगाराच्या माणसाला मिळालेली सवलत अक्काच्या मजुरीतून जाते.

"मग भाव वाढवले तर गरीब विद्यार्थ्याने कुठे जेवायचं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो विचारणारा कधीही गरीब विद्यार्थी नसतो. विद्यार्थ्यासाठी महिन्याची पासं असतात, उधारीची वही असते. खानावळवाल्याला माणसं ओळखता येतात. गरिबाला पुढे करून श्रीमंताने सवलत लाटायची, हे आपलं जुनं कसब आहे.

खानावळवालीला काय हवं असतं, याचं उत्तर मराठीत एकदा दिलं गेलं आहे. गिरणगावात हजारो कामगार, बायकापोरं गावी ठेवून, खानावळींवर जेवायचे. त्या चालवणाऱ्या बायका महिनाभर उधारीवर शिजवायच्या आणि सावकाराकडे दागिने ठेवून धान्य भरायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. ‘माउलीच्या हाताची चव’ यावर आपण पानंच्या पानं लिहिली होती. पुरवबाईंनी त्या बायकांसाठी कर्ज मागितलं, आणि मिळवलं. माझ्या मते मराठी खाद्यसंस्कृतीवरचा तो सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे, आणि तो बँकेच्या अर्जावर लिहिला गेला.

बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकाशी हे बोलायचं कारण एवढंच. आपण वचनांची भाषांतरं वाचतो, कन्नड कादंबऱ्यांवर चर्चा करतो, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून आग्रह धरतो. तो आग्रह बरोबर आहे. तोच न्याय स्वयंपाकघराला लावायला काय हरकत आहे? एका मातीची चव दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाषेत पोचवणारी बाईही अनुवादकच आहे, आणि तिला अनुवादकापेक्षाही कमी मिळतं.

मागणं फार नाही. खानावळीत कन्नडमध्ये ‘इन्नोंदु रोट्टी कोडी’ म्हणा, आवडलं तर ‘छलो ऐती’ म्हणा. उत्तर कर्नाटकातला माणूस या दोन शब्दांनी ओळखीचा होतो. खाल्लेल्या भाकऱ्या मोजा. भाव वाढले तर परवडणाऱ्याने गप्प बसून द्यावेत, आणि अक्काचा दर वाढला का, एवढं मालकाला विचारावं. ‘स्वस्त’ हा शब्द कौतुकातून काढून टाका.

आणि पुढच्या बैठकीत कुणी "इथे आपलं जेवण मिळत नाही" म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या घरापासून सर्वांत जवळची खानावळी कुठली? तिथे एका भाकरीमागे थापणारीला काय मिळतं? आणि तिचं गाव कोणतं? तिन्हींची उत्तरं आली तर त्याची तक्रार ऐकून घेऊ. येत नसतील, तर जेवण मिळत नाही असं त्याने म्हणू नये. त्याने ते शोधलेलं नाही.